कोल्हापूरला हरलो त्या दिवशी तुम्ही कोणाचे होतात?

अहो, रविवारी तुमची कोल्हापूरची तालीम आपल्या खडकीच्या मैदानावर खेळायला येते आहे, आणि तुम्ही नाही आहात.

तुम्ही असतात तर या आठवड्यात मला घरात काही सुचू दिलं नसतंत. मैदानावर पाणी मारलं का, जाळ्या नव्या आणल्या का, पोरांच्या जेवणाचं काय, हे सगळं मला विचारलं असतंत, जणू क्लब मी चालवते. आता विचारणारं कोणी नाही, तर मीच उठते, बसते, पुन्हा उठते. फडताळातल्या बरण्या उतरवून पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवल्या. तुम्ही म्हणाला असतात, "अगं, त्या बरण्यांनी काय केलंय तुझं?"

संदीपचा फोन आला तिथून ही तगमग सुरू झाली. तुमचा पुतण्या आता तालमीच्या संघाचं सगळं बघतो. म्हणाला, "काकी, मॅचच्या आधी काकांसाठी एक मिनिट सगळी हुबी ऱ्हाणार. माईकवर काय सांगायचं त्येवढं बघा. आमी लिवलंय, आमच्या तालमीचे जुने खेळाडू. बरोबर हाय न्हवं?" मी म्हटलं, बघते. फोन ठेवते तोच खडकीच्या क्लबचा सेक्रेटरी, आपला फ्रान्सिस. "आंटी, माईक आपला आहे, ग्राउंड आपलं आहे. सर आपल्या क्लबचे होते. मी ‘क्लबचे आधारस्तंभ’ असं लिहिलंय."

"आधारस्तंभ? फ्रान्सिस, ते क्लबच्या बाकावर कधी टेकले नाहीत."

"आंटी, असंच लिहितात."

दोघांनाही शनिवारपर्यंत उत्तर हवं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी निघाल्यावर हे दोघे जिन्यात हळू आवाजात हुज्जत घालत होते, ते कशावरून हे मला आता कळलं.

आणि त्याच संध्याकाळी टोरांटोहून मीरा. पडद्यावर तिचं नाक आणि मागे निहारचं अर्धं डोकं. "आजी, एक सांग ना. आजोबा ॲक्च्युअली कोणाला सपोर्ट करायचे?"

मी म्हटलं, "लिहून पाठवते." मुलांना वाटलं, आजी नेहमीप्रमाणे सगळं व्यवस्थित मुद्देसूद लिहून पाठवेल. म्हणून बसले आहे. वाचणार ती दोघं, पण लिहिते तुम्हाला, कारण उत्तर तुमच्याकडे आहे आणि ते न देता तुम्ही गेलात. त्यांना कळावं म्हणून मधेमधे तुम्हाला माहीत असलेलंही सांगेन. चिडू नका.

उदाहरणार्थ हे, की कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम असते. नावाला कुस्तीची, पण तिचाच फुटबॉलचा संघ असतो, आणि माणूस ज्या पेठेत जन्मला त्या तालमीचा होतो. त्यात निवड नसते. तो पुढे दुबईला जावो नाहीतर विश्रांतवाडीला. आमच्या खडकीत तसं नव्हतं. वडील कारखान्यात, शेजारी तमिळ, गोवेकर, गुरखे, आणि रविवारी सगळे एका मैदानावर. मी कॉन्व्हेंटचा गणवेश बदलून बाबांच्या सायकलवर पुढे बसून जायची. क्लब मला बाबांकडून मिळाला, जसं कोणाला नाक मिळतं.

तुम्ही मला पाहायला आलात त्या दिवशी मी गाते का, स्वयंपाक काय येतो, हे कोणी विचारलंच नाही. बाबांनी तुम्हाला, "कोल्हापूरचे म्हणजे फुटबॉल?" एवढं विचारलं आणि पुढे पोहे थंड होईपर्यंत तुम्ही दोघं भांडत होतात. बाबा म्हणत होते, तुमच्याकडचे नुसते पळतात. तुम्ही म्हणालात, तुमच्याकडचे नुसते उभे असतात. मी आतून ऐकत होते आणि मला वाटलं, बरा आहे हा, घाबरत नाही.

मग पाटबंधारे खात्यातली तुमची सगळी नोकरी पुण्यात झाली. घर माझ्या माहेरापासून रिक्षाच्या अंतरावर. मुलगा इथल्या शाळेत. रविवार खडकीच्या मैदानावर. यंदा दोन्ही संघांनी एकमेकांकडे एकेक सामना खेळावा ही कल्पना तुमचीच. दोन्हीकडे फोन करून करून तुम्ही ती गळी उतरवलीत. पहिला सामना दिवाळीनंतर, कोल्हापूरला.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ते स्टेडियम मी आतून पाहिलं नव्हतं. सासरी गेले ती बारशांना, लग्नांना, आणि दुपारी सगळे पुरुष मॅचला निघून गेले की आम्ही बायका भांडी आवरत त्या गर्जना ऐकायचो. कोणता गोल कोणाचा ते सासूबाईंना नुसत्या आवाजावरून कळायचं. यंदा पहिल्यांदा आत पाय ठेवला. भर गावात ती मोठी परात, भोवताली सिमेंटच्या पायऱ्या, त्यांच्यावर माणसं, मागच्या घरांच्या गच्च्यांवरही माणसं. हलगी वाजत होती. खडकीत आम्ही शंभरजण जमलो तर फ्रान्सिस फोटो काढतो. इथे सराव चालू होता तेव्हाच बसायला जागा नव्हती.

पाहुण्यांसाठी फाटकाच्या डाव्या हाताला मांडव घातला होता. आपली बस तिथेच थांबली. पोरं, फ्रान्सिस, चारदोन पालक, सगळे मांडवाकडे गेले. तुम्ही मला "चल" म्हणालात आणि पायऱ्या चढायला लागलात. मी उशी, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर सांभाळत मागून. तुम्ही वळत होतात, माणसांमधून वाट काढत होतात, आणि एका ठिकाणी बसलात. मी उशी घालून बसले, मान वर केली, तर आपल्या निळ्या टोप्या मैदानाच्या पलीकडे. आणि आमच्या चहूबाजूंना तुमची अख्खी पेठ.

"अहो, आपली माणसं तिकडे आहेत."

तुम्ही पलीकडे पाहिलंत. मग बसलेल्या पायरीकडे. मग स्वतःच्या चपलांकडे. "अगं, पाय आले," म्हणालात.

मी मुलांना सांगते, हे काही नाटक नव्हतं. त्या पायऱ्यांवर कोणी कुठे बसायचं याची पाटी नाही. प्रत्येक तालमीची जागा ठरलेली, ती पायांना माहीत असते. तुमच्या पायांनी मधली सगळी वर्षं मोजलीच नव्हती.

तोवर मागून आरोळी आली, "आरं, बापू आला की रं!" आणि तुम्हाला पाठीत थापा बसायला लागल्या. मग सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मागच्या पायरीवरचे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, "वैनी, टोपी निळी हाय तुमची."

"माझीच आहे."

"न्हाई, दिसतंया. म्हणून म्हटलं." मग वर उन्हाकडे बघून, "आसू दे, घाला. ऊन हाय. हरल्यावर काढा."

सगळे हसले. मीही हसले. कागदाच्या पुड्यांतून भडंग फिरत होतं, ते माझ्याकडे आधी आलं. कोणी माझ्यासाठी सरकलं, कोणी छत्री धरली. आणि आपल्या पोरांनी पहिल्या काही मिनिटांतच गोल केला तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या. त्या सगळ्या पायऱ्यांवर एकटी मी. हलगी थांबलेली. मिशा म्हणाल्या, "वैनीस्नी आनी भडंग द्या रं, गोल घातलाय त्येंनी." तुम्हीही टाळ्या वाजवल्यात, बसल्या बसल्या, बोटांच्या टोकांनी. त्याची नोंद मी तेव्हाच घेतली होती.

उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली. तेव्हा जो आवाज झाला तो मला कानांनी नाही, खालच्या सिमेंटमधून ऐकू आला. आणि शेवटाला तो दुसरा गोल. त्यांचा उजवीकडचा पोरगा आमच्या समोरच्या रेषेने पळत आला. बॉल रेषेबाहेर गेला होता. मी पाहिला. अख्खा बाहेर. त्याने तो ओढून आत घेतला, मधे टाकला, आणि गोल. रेफरीने शिट्टी वाजवली ती गोलाची.

सगळी पेठ उभी राहिली. मला माणसांचे पाय सोडून काही दिसेना. आणि त्या पायांच्या जंगलात आपण दोघंच बसलेले. मी हरल्यामुळे. तुम्ही कशामुळे ते मला कळेना. तुमचे दोन्ही हात तुम्ही मांडीखाली दाबून धरले होते, शाळेतलं पोर धरतं तसे.

मिशांनी तुमच्या खांद्याला हलवलं. "बापू, ऊठ की लेका! आजारी हाईस का?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई रं. पाव्हणी हाईत संगं."

पाव्हणी म्हणजे मी.

गर्दी ओसरल्यावर आपण बसमध्ये बसलो. आपली पोरं माना टाकून बसली होती, त्यांच्यासमोर काय बोलायचं? कराडला चहाला थांबलो तेव्हा आपण दोघं वेगळ्या टेबलावर बसलो आणि मी विचारलं, "टाळ्या का नाही वाजवल्यात?"

"तुझी टीम हरली."

"माझी? खडकीचा क्लब तुमचा नाही?"

तुम्ही उठलात आणि काउंटरवरून एक लिंबू घेऊन आलात. दोन टेबलं जोडली होती, त्यांच्या फटीवर ते ठेवलंत. "ही रेषा. बॉल इथे होता. थोडा आत. म्हणजे आतच."

मी बोटाने लिंबू पलीकडे सरकवलं. "बॉल इथे होता."

"तू बसली होतीस तिथून तसं दिसतं."

"तुम्ही काय झाडावर बसला होतात? शेजारीच होतात."

तुम्ही पुन्हा सरकवलंत. मी पुन्हा. वेटरने चहा ठेवला, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, लिंबू पिळायचं असतंय."

एरवी आपण हसलो असतो. पण तुम्ही इतक्या जीव तोडून तो बॉल आत असल्याचं सांगत होतात की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बघा, हात दाबून धरलेत, पण तोंड नाही दाबता आलं. तुम्ही त्यांचेच आहात. सरळ सांगा की. मला काही वाटणार नाही."

ते खोटं होतं. मला वाटलंच असतं. तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणून तुम्ही लिंबू खिशात टाकलंत आणि म्हणालात, "पुण्याची मॅच होऊ दे. मग सांगतो तुला."

ती मॅच रविवारी आहे.

गेले काही दिवस मी काय करते सांगू? तुमची साक्ष काढते. एकदा या बाजूने, एकदा त्या. खडकीत तुम्ही नेहमी कडुलिंबाच्या बाजूला, खुर्च्यांच्या रांगेच्या अगदी टोकाला बसायचात. "तुमचा क्लब," म्हणायचात. बाबांशी बोलतानाही तसंच, आणि बाबा गेल्यावरही. दह्यापासून पावसापर्यंत सगळं "आमच्याकडे" वेगळं होतं, आणि आमच्याकडे म्हणजे इथे नव्हे. भावाचा फोन आला की आतल्या खोलीतून जो माणूस बोलायचा तो मला अनोळखी वाटायचा. मोठ्याने, हेल काढून, हसत. फोन ठेवून बाहेर यायचात ते पुन्हा आपलं "आहे, नाही, ठीक आहे" घेऊन. मी एकदा म्हटलं होतं, माझ्याशीही तसं बोला की. तुम्ही म्हणालात, "तुला कशाला?" मी तो विषय सोडला. सोडायला नको होता असं आता वाटतं, पण तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती आणि संसारात बरेच विषय कुकरमुळे सुटतात.

ही झाली एक बाजू. दुसरी अशी, की खडकीच्या गोलकीपरचं बोट मोडलं तेव्हा कुंपणावरून उडी मारून पहिले पोचलात ते तुम्ही. वयाला न शोभणारी उडी. आपण चषक जिंकलो त्या वर्षी तुमचा घसा बसला आणि ऑफिसात तुम्ही दिवसभर चिठ्ठ्या लिहून काम केलंत. पावसात जाळ्या कुजल्या त्या उसवून पुन्हा विणायला तुम्हीच बसलात, आपल्या गॅलरीत, माझ्या कुंड्या बाजूला सारून. परक्याच्या क्लबसाठी कोणी एवढं करतं का? मी स्वतःला विचारते, आणि माझ्याच आतून कोणीतरी म्हणतं, परकाच करतो एवढं. घरच्यांना गरज नसते.

हे वाक्य लिहिलं आणि उठून गॅलरीत जाऊन आले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हार झोंबली नव्हती. हरणं खडकीला नवीन नाही. त्या पायऱ्यांवर सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते, त्याने मला गुदमरल्यासारखं झालं. भडंग आधी मला. छत्री मला. माझ्या गोलाला टाळी वाजवायची मुभा, तीही हसून. माझ्या टोपीची थट्टा, पण बेतानेच, पाहुणीला लागेल इतकी नाही. एक दुपारही ते मला पेललं नाही. घरी आल्यावर मी दोन दिवस उखडलेली होते.

आणि तुम्ही? तुम्ही सगळा जन्म तसा काढलात. माझ्या गावात, माझ्या माणसांत, माझ्या बाबांच्या मैदानावर. सगळे तुमच्याशी चांगले वागले. बेतानेच थट्टा केली. तुमच्या हेलाची, तुमच्या तिखटाची, तुमच्या गुळाची. मीही केली. तुम्ही कधी उखडला नाहीत. उलट तुम्हीच भडंग वाटत फिरलात. गेल्या आठवड्यात डबा उघडला तर तळाशी थोडं होतं, सादळलेलं. मी ते खाल्लं.

त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. असे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, आणि मानले असते तर तुम्ही "बरं वाटतंय ना तुला?" असं विचारलं असतंत. तरी मानते.

पण एवढं लिहून मला शांत वाटेल असं समजू नका. माझं भांडण शिल्लक आहे. तुम्ही हात दाबून धरलेत ते माझ्यासाठी, हे मला दिसतं. मग मी काय करायचं होतं त्या उपकाराचं? तुम्ही उभे राहिला असतात, ओरडला असतात, त्या मिशांना मिठी मारली असतीत, तर मी रागावले असते, आणि मला माझा नवरा तरुणपणी कसा दिसायचा ते एकदा बघायला मिळालं असतं. तुम्ही मला हरताना सोबत दिलीत आणि स्वतःचं जिंकणं दाखवलं नाहीत. हा काही न्याय नव्हे. आणि बॉल बाहेर होता. ते मी सोडणार नाही.

मीरा, निहार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. आजीला येत नाही असं तुम्ही फारसं ऐकलेलं नाही, म्हणून नीट वाचा. आजोबा कोणाचे होते हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी जेवढं शोधलं तेवढं दोन्हीकडे सापडलं. तुम्हीही आता दुसऱ्याच गावी मोठे होता आहात. तिथल्या मैदानावर कोणी तुमच्याशी फार चांगलं वागलं आणि तुम्हाला कसंतरी झालं, तर ते तुमच्या आजोबांना विचारता आलं असतं. मला त्यातली एकच दुपार माहीत आहे.

आज शनिवार. सकाळी मी फ्रान्सिसला फोन केला. "लिहून घे. त्यांचं नाव घे, आणि पुढे म्हण, मॅच सुरू व्हायच्या आधी येऊन बसायचे आणि शेवटची शिट्टी झाल्याशिवाय उठायचे नाहीत."

"आणि कोणाचे ते?"

"ते नको."

"आंटी, पण कोल्हापूरवाले काहीतरी म्हणतील."

"त्यांनाही हेच सांगते. एका मिनिटात नाव घेऊन गप्प उभं राहायचंय. त्यात भांडण बसत नाही."

तो नाराज झाला. आधारस्तंभ त्याला फार आवडला होता. संदीपला सांगितलं तर तो नुसतं "बरं काकी" म्हणाला. तेही नाराजीचंच. चला, निदान दोघं सारखे नाराज आहेत.

दुपारी पुन्हा संदीपचाच फोन. त्यांची गाडी साताऱ्यापर्यंत आली होती. मागे पोरांचा गोंधळ.

"काकी, उद्या तुमची खुर्ची कुठं टाकायची? फ्रान्सिस म्हंतोय त्येंच्या मांडवात, पुढल्या रांगंत."

"तुमच्याकडे टाक."

"आमच्यात? पाव्हण्यांच्यात?"

"हो."

"आवो, ग्राउंड तुमचं हाय की!"

"माहीत आहे मला माझं ग्राउंड कुठलं ते. तुमच्या बाजूला टाक, रांगेच्या टोकाला."

मग हळूच, तुमच्याच आवाजात, म्हणाला, "आन् काकी, आमचा गोल झाला तर?"

"ते मलाही बघायचंय," मी म्हटलं.